सुई निघाल्यानंतरचे आठ दिवस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी आजारपणाविषयी बोलणे औचित्याला धरून नाही, असे कोणी म्हटले तर आम्ही त्याच्याशी वाद घालणार नाही. या व्यासपीठावर नाट्यसंगीत व्हावे, कीर्तन रंगावे, हेच खरे. परंतु कार्यकारिणीने आमच्याकडे विषय मागितला तेव्हा आमच्या मनात एक गोष्ट आली. पन्नास वर्षांपूर्वी ज्या तरुणांनी नोकरीनिमित्त या परमुलखात येऊन भाड्याच्या खोलीत पहिला गणपती बसवला आणि या मंडळाचा पाया घातला, ते तरुण आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. पूर्वी मंडळाच्या बैठकीनंतर चहा पिताना मुलांच्या शाळाप्रवेशाच्या गोष्टी निघत. आता कोणाची अँजिओग्राफी झाली आणि कोणाला किती स्टेंट बसले, याच्या निघतात. काळाचा हा महिमा आहे. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही.

या गप्पा ऐकताना एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानात येते. तपासणीपूर्वीच्या काळजीविषयी सगळे बोलतात. खर्च किती, डॉक्टर कोण, कोणत्या वाहिनीत किती टक्के अडथळा, हे सर्वांना तोंडपाठ असते. पण ज्या छिद्रातून ही सारी विद्या शरीरात शिरली, त्या छिद्राचे पुढे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. सुई निघाली, पट्टी लागली, रुग्ण घरी आला, की प्रकरण संपले असे आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ते संपतेही. क्वचित मात्र ते तेथूनच सुरू होते. त्या क्वचित प्रसंगी ते वेळेवर ओळखायचे कसे, आणि त्या कामी ध्वनीची परीक्षा, म्हणजे ज्याला आपण सोनोग्राफी म्हणतो ती, कशी उपयोगी पडते, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम शरीरातील दोन वाटा ध्यानात घेऊ. हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणारी ती रोहिणी, आणि शरीराकडून हृदयाकडे ते परत आणणारी ती नीला. आपण बोलताना दोहोंनाही शीरच म्हणतो. दंडाला पट्टा बांधून रक्त काढतात ते नीलेतून. तेथे दाब अगदी थोडा असतो; कापसाचा बोळा दाबून हात क्षणभर मुडपला की काम भागते. रोहिणीची गोष्ट निराळी. तीत प्रत्येक ठोक्याला रक्त जोराने ढकलले जाते. डॉक्टर रक्तदाब १२० म्हणून सांगतात तो याच रोहिणीतला. तेव्हा नीलेला टोचणे म्हणजे माठाला चीर पडणे आणि रोहिणीला टोचणे म्हणजे चालू पंपाच्या नळाला भोक पाडणे. दोन्हींतून पाणीच येते, परंतु ते थांबवण्याचे कष्ट सारखे नसतात.

हे भोक पाडण्याची आजची रीत स्वीडनमधील स्वेन-इव्हार सेल्डिंगर या क्ष-किरणतज्ज्ञाने १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. तोपर्यंत रोहिणीत नळी घालायची तर कातडी कापून ती उघडी करावी लागे, किंवा नळीपेक्षाही जाड सुई खुपसावी लागे. सेल्डिंगरने सुचवलेली युक्ती इतकी सोपी होती की आजवर ती कोणाला कशी सुचली नाही, याचेच नवल वाटावे. बारीक सुईने रोहिणी टोचायची, सुईतून लवचिक तार आत सरकवायची, तार तशीच ठेवून सुई काढून घ्यायची, आणि मग तारेवरून नळी ओवून आत न्यायची. १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स यांच्या तपासणीत क्ष-किरणांत दिसणारे औषध अनपेक्षितपणे थेट हृदयाच्या पोषक वाहिनीत गेले, आणि रुग्णाला अपाय न होता त्या वाहिनीचे चित्र मिळाले. १९७७ च्या सप्टेंबरात झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुगा फुगवून हृदयाची अरुंद झालेली वाहिनी प्रथमच रुंद केली. आज मेंदूतील, मूत्रपिंडांतील आणि पायांतील रक्तवाहिन्यांचे उपचारही याच वाटेने होतात. म्हणजे आजार कोठेही असो, दरवाजा बहुधा जांघेतील रोहिणीचा किंवा मनगटातील रोहिणीचा. मनगटाची वाट तुलनेने नवी आहे. माँट्रियलचे ल्युसियाँ कांपो यांनी १९८९ मध्ये तिचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि ती बरीच सुरक्षित ठरल्याने आता हृदयाच्या तपासणीसाठी ती पुष्कळ ठिकाणी प्रथम पसंतीची झाली आहे. पण मनगटातील रोहिणी लहान; जाड उपकरण न्यावयाचे असेल तर आजही जांघेचाच आश्रय करावा लागतो.

नळी काढल्यावर हे छिद्र बुजते कसे? वरून दाब दिला जातो, रक्तातील कणिका तेथे गोळा होतात, गुठळीचे बूच बसते आणि पुढील दिवसांत रोहिणीची भिंत सांधली जाते. म्हणूनच रुग्णाला पाय सरळ ठेवून काही तास निजवून ठेवतात. येथे एक मोठीच अडचण उभी राहते. स्टेंट बसवलेल्या रुग्णाच्या रक्तात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवण्याची औषधे द्यावी लागतात. हृदयाला गुठळी नको आहे आणि जांघेला ती हवी आहे. एकाच रक्ताकडून या दोन परस्परविरुद्ध मागण्या आपण करतो. त्यामुळेच केवळ तपासणी झालेल्यांपेक्षा उपचार झालेल्यांत जांघेच्या तक्रारी अधिक आढळतात. पुढे आम्ही ज्या थैलीचे वर्णन करणार आहोत, ती नुसत्या तपासणीनंतर हजारांत एखाददुसऱ्याला होते, तर उपचारांनंतर शंभरांत काही जणांना होऊ शकते. वय जास्त असणे, देह स्थूल असणे, रक्तदाब चढा असणे, नळी जाड असणे, यांनीही धोका वाढतो.

आता बिघडते काय ते पाहू. ज्यांचे बालपण गावाकडे गेले, त्यांनी शेतातील पाटाचे पाणी पाहिले असेल. तोच दाखला आम्ही घेतो.

पहिला प्रकार, पाटाचे पाणी थोडे झिरपून आजूबाजूची माती ओली व्हावी, असा. रक्त मांसात पसरते आणि गोठते. कातडी काळीनिळी होते, पुढे हिरवट-पिवळी पडते. रंग भयंकर दिसतो, कधी तो मांडीपर्यंत उतरतो, पण पसरलेला रंग हा बहुधा निरुपद्रवी असतो. टणक, वाढत जाणारा फुगवटा मात्र निरुपद्रवी समजू नये.

दुसरा प्रकार, पाटाच्या काठाला भगदाड पडून शेजारच्या खळग्यात पाणी शिरावे आणि पुन्हा पाटात यावे, असा. रोहिणीचे छिद्र बुजत नाही. बाहेर रक्ताची एक थैली तयार होते, आणि अरुंद मानेवाटे प्रत्येक ठोक्याला रक्त तीत शिरते व परत येते. या थैलीला रोहिणीची स्वतःची भिंत नसते. भोवतालच्या मांसाने आणि गोठलेल्या रक्ताने ती कशीबशी आवरलेली असते. म्हणून तिला आभासी रोहिणीविस्फार म्हणतात. ती फुटू शकते, शेजारच्या मज्जातंतूवर दाब आणू शकते, वरची कातडी ताणून तिचे पोषण तोडू शकते.

तिसरा प्रकार, दोन शेजारच्या पाटांमधला बांधच फुटावा, असा. सुई रोहिणीतून आरपार शेजारच्या नीलेत गेलेली असते आणि दोहोंमध्ये आडवाट पडते. जोराचे रक्त पायाकडे न जाता सरळ परतीच्या वाटेला लागते. लहान आडवाट पुष्कळदा आपोआप बुजते किंवा त्रास न देता राहते; मोठी असेल तर पाय सुजतो आणि हृदयावर भार पडतो.

चौथा प्रकार, पाटच गाळाने भरून बंद व्हावा, असा. छिद्राजवळ गुठळी होते किंवा आतील अस्तर उचकटून वाट अडते. जांघेत असे झाले तर पाय थंड, फिका आणि ठणकणारा होतो, आणि तेथे घटकेचाही विलंब परवडत नाही. मनगटात असे झाले तर पुष्कळदा कळतही नाही, कारण पंजाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणी दोन असतात आणि दुसरी घर सांभाळून घेते. तरीही ते कळलेले बरे, कारण पुढे त्याच वाटेची पुन्हा गरज पडू शकते.

पाचवा प्रकार सर्वांत फसवा. जांघेत सुई फार वर टोचली गेली तर रक्त बाहेर न येता पोटाच्या मागील पोकळीत साठत जाते. जांघेवर काही दिसत नाही. रुग्ण पाठ किंवा कूस दुखते म्हणतो, घामाघूम होतो, फिका पडतो.

बंधुभगिनींनो, यांतील पहिल्या तीन प्रकारांत वरून दिसते ते एकच, जांघेतील फुगवटा. अनुभवी डॉक्टर हात ठेवून ठोका पाहतात आणि नळी लावून खरखर ऐकतात. ही परीक्षा आजही अत्यंत मोलाची आहे. कोणत्याही यंत्राने तिला रजा दिलेली नाही. परंतु रोहिणीच्या थेट वर साधी रक्तगाठ असली तर तीही ठोक्याबरोबर उचलली जाते, आणि स्थूल देहात खोलवर असलेली थैली हाताला लागत नाही. बोटांना जे उमगत नाही ते पाहण्यासाठी डोळा हवा, आणि तोही असा की ज्याने पुन्हा टोचणे नको, किरणोत्सर्ग नको, वेदना नको.

हा डोळा ध्वनीने दिला. त्याचा प्रवास मोठा मनोरंजक आहे. प्राग शहरात १८४२ मध्ये ख्रिस्टियन डॉपलर यांनी ताऱ्यांच्या रंगांविषयी एक विचार मांडला. लहरींचा उगम आपल्याकडे येत असेल तर त्या दाटून येतात आणि दूर जात असेल तर विरळ होतात. हे ध्वनीलाही लागू पडते काय, हे पाहण्यासाठी हॉलंडमधील बॉइस बालॉट यांनी १८४५ मध्ये उत्रेख्तजवळ आगगाडीच्या उघड्या डब्यात तुतारीवादक बसवले आणि रुळांच्या कडेला सुरांची जाण असलेली माणसे उभी केली. गाडी जवळ येताना सूर चढा आणि दूर जाताना उतरता ऐकू आला. आपणांपैकी ज्यांनी फलाटावर उभे राहून न थांबता धडधडत गेलेल्या गाडीची शिटी ऐकली आहे, त्यांनी हा प्रयोग नकळत केलेलाच आहे.

पुढे १८८० मध्ये फ्रान्समधील जाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी दाखवले की काही स्फटिक दाबले असता त्यांत वीज उत्पन्न होते. याउलट, वीज दिली असता ते थरथरतात. या थरथरीतून असा सूक्ष्म ध्वनी काढता येतो की जो मनुष्याच्या कानाला ऐकूच येत नाही. आपला कान सेकंदाला फार तर २०,००० कंपने ऐकतो. जांघेच्या तपासणीत वापरला जाणारा ध्वनी सेकंदाला पन्नास लाखांहून अधिक कंपनांचा असतो. यालाच श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. तो शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, निरनिराळ्या थरांवर आपटून परततो, आणि परतायला किती वेळ लागला यावरून यंत्र त्या थरांचे चित्र रेखाटते. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेलमुथ हर्ट्झ यांनी याच ध्वनीने हृदयाची हालचाल प्रथम टिपली, ती १९५३ च्या ऑक्टोबरात. योगायोग पाहा. ज्या देशात आणि ज्या वर्षी रोहिणी टोचण्याची सुलभ रीत जगापुढे आली, त्याच देशात आणि त्याच वर्षी त्या टोचण्याचे परिणाम पाहू शकणाऱ्या विद्येचाही आरंभ झाला. पण या दोन बहिणींची भेट व्हायला पुढे पुष्कळ वर्षे लागली. सत्तरीच्या दशकात अमेरिकेतील सिॲटल येथे डोनाल्ड स्ट्रँडनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थरांचे चित्र आणि डॉपलरचे तत्त्व एकाच यंत्रात आणले, आणि ऐंशीच्या दशकात वाहत्या रक्ताला पडद्यावर रंगही मिळाला.

तपासणीच्या खोलीत प्रत्यक्ष घडते ते असे. जांघेवर थंडगार जेली लावतात, कारण मध्ये हवा राहिली तर ध्वनी आत शिरत नाही. साबणाच्या वडीएवढे एक उपकरण कातडीवर फिरवले जाते. पडद्यावर तांबडा आणि निळा रंग उमटतो. कित्येकांचा समज असा की तांबडे ते शुद्ध रक्त आणि निळे ते अशुद्ध. तसे नाही. उपकरणाकडे येणारे रक्त एका रंगात आणि दूर जाणारे दुसऱ्या रंगात दाखवायचे, एवढाच तो संकेत आहे. यंत्रातून जो सूसू असा आवाज येतो, तो मात्र खराच. पाठवलेल्या आणि परतलेल्या ध्वनीतला फरक नेमका आपल्या कानांच्या टप्प्यात पडतो, म्हणून वाहते रक्त आपल्याला ऐकता येते.

आता तेच प्रकार या डोळ्याने पाहा. साध्या रक्तगाठीत रंग मुळीच उमटत नाही. तेथे सारे स्तब्ध असते. थैली असेल तर काळ्या पोकळीत तांबडे आणि निळे दोन अर्धगोल एकमेकांभोवती भोवऱ्यासारखे फिरताना दिसतात, आणि मानेपाशी ठोक्याला आत व ठोक्यामागून बाहेर अशी रक्ताची ये-जा ऐकू येते. ही ये-जा हीच तिची पक्की खूण. आडवाट असेल तर एरवी संथ वाहणाऱ्या नीलेत रोहिणीचा खळखळाट शिरलेला असतो. वाट बंद झाली असेल तर जेथे ध्वनी यायला हवा तेथे शांतता. सरावलेल्या हाताला हे सारे सांगायला बहुधा अर्धा तासही लागत नाही.

या विद्येच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर आमच्यावर पक्षपाताचा आरोप येईल. पोटामागच्या पोकळीत साठलेले रक्त आतड्यांतील हवेमुळे तिला नीट दिसत नाही. तेथे सीटी स्कॅन श्रेष्ठ. फार स्थूल देहात चित्र धूसर होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यंत्र कितीही उंची असले तरी ते पाहणाऱ्याच्या शिक्षणावर अवलंबून असते. तंबोरा जुळलेला असला म्हणजे गाणे येतेच असे नाही.

मात्र ही विद्या केवळ रोग दाखवून थांबत नाही. पूर्वी अशी थैली आढळली की शस्त्रक्रियेचाच मार्ग होता. १९९१ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी नवी रीत प्रसिद्ध केली. पडद्यावर पाहत पाहत त्याच उपकरणाने थैलीच्या मानेवर दाब द्यायचा, म्हणजे मुख्य रोहिणी वाहती राहते आणि थैली गोठते. ही रीत रुग्णाला दुखते, डॉक्टरांचा हात भरून येतो आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असली की यश कमी मिळते. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस दुसरी रीत रूढ झाली. ध्वनीच्या डोळ्याखाली बारीक सुई थैलीत नेऊन थ्रॉम्बिन नावाच्या रक्त गोठवणाऱ्या द्रव्याचे काही थेंब सोडतात, आणि काही सेकंदांत तो तांबडा-निळा भोवरा थांबतो. द्रव्य मुख्य रोहिणीत निसटू नये याची मात्र डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यावी लागते. दोन सेंटिमीटरहून लहान थैली पुष्कळदा आपोआपच गोठते. तेथे थोड्या दिवसांनी पुन्हा पाहणे एवढाच उपचार. जंतुसंसर्ग झाला, थैली फुटली किंवा कातडी काळवंडू लागली तर मात्र शस्त्रक्रियेला पर्याय नाही. शिवाय आता कित्येक ठिकाणी मुळात सुई टोचतानाच ध्वनीने रोहिणी पाहून योग्य जागी टोचतात. साक्षीदार आधीच हजर असला की गुन्हा घडण्याचा संभव कमी, असाच हा प्रकार.

येथवर आम्ही विज्ञान सांगितले. पण आम्ही उभे राहिलो ते निराळ्याच कारणासाठी. एवढी सोपी आणि वेदनारहित परीक्षा उपलब्ध असूनही रुग्ण उशिरा येतात. का येतात?

आमच्याकडे एकदा एक आजी आल्या. मुलाकडे परप्रांतात आलेल्या, सातारकडच्या. अँजिओप्लास्टी होऊन सहा दिवस झाले होते. जांघेत लिंबाएवढा ठोके देणारा फुगवटा दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हाताला लागला होता. त्यांनी तो कोणालाच सांगितला नाही. रुग्णालयातील परिचारिकांची भाषा त्यांना येत नव्हती. मुलाला सांगायचे तर जागा अवघड. सुनेला सांगावे तर तिची नोकरी, तिला कशाला आणखी ताप! पातळाआड त्यांनी रोज आंबेहळद उगाळून लावली. पाचव्या दिवशी शेजारणीला कळले. तिला ते गळू वाटले आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात चीर देऊन घ्यावी असे तिने सुचवले. सुदैवाने सुनेने ते ऐकले आणि ती त्यांना तशीच उठवून आमच्याकडे घेऊन आली. पडद्यावर भोवरा स्पष्ट होता. त्यावर चीर दिली गेली असती तर काय झाले असते, याचे वर्णन करण्याची ही वेळ नव्हे. आजींचा उपचार झाला. उठता उठता त्या म्हणाल्या, "डॉक्टर, एवढ्यासाठी सोनोग्राफी करतात होय? आम्हांला वाटलं, ती पोटुशी बाई असली की करतात."

हा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे, आणि त्याला इतिहासही आहे. गर्भलिंगपरीक्षेच्या दुरुपयोगामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये निर्बंधाचा कायदा केला, आणि १९९४ मध्ये सर्व देशासाठी तसा कायदा झाला. त्यामुळे हे यंत्र नोंदणी केलेल्या जागीच वापरावे लागते. ते पिशवीत घालून कोणी घरी आणील अशी अपेक्षा करू नये. परंतु जांघेची वा मनगटाची तपासणी पुरुषांची, स्त्रियांची, कोणाचीही होते. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांची आणखी एक अडचण आहे. आपली वडील मंडळी गावाहून येतात, येथील मोठ्या रुग्णालयात उपचार घेतात आणि चार दिवसांत गावी परतण्याची घाई करतात. पंचमी गाठायची असते, शेताची पेरणी असते, किंवा मुलाच्या घरात उगीच राहणे नको वाटते. मग तीस-छत्तीस तासांचा आगगाडीचा प्रवास, वरच्या बर्थवर चढणे-उतरणे, ट्रंका उचलणे. छिद्राचे बूच निसटायला एवढे पुरते. म्हणून आमची विनंती अशी की प्रवासाचे तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि पहिले आठ दिवस तरी जवळ रुग्णालय नसलेल्या ठिकाणी जाऊ नये.

काही गोष्टी घरोघरी सांगाव्यात अशा आहेत. पट्टी निघाल्यावर रोज एकदा जागा पाहावी. रुग्णाने स्वतः पाहावी किंवा ज्याच्यापाशी संकोच नाही अशा माणसाला दाखवावी. फुगवटा वाढत असेल, त्यात ठोका लागत असेल, मांजर गुरगुरल्यासारखी थरथर जाणवत असेल, किंवा दुखणे कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन डॉपलरसह सोनोग्राफी करावी काय, असे स्पष्ट विचारावे. त्या जागी तेल चोळू नये, शेकू नये, लेप लावू नये, आणि कोणालाही चीर देऊ देऊ नये. रक्त भळभळा वाहू लागले तर रुग्णाला आडवे करावे आणि जोराने दाबून धरावे. जांघेत सुई तिरपी वर जाते, तेव्हा दाब कातडीवरील छिद्राच्या किंचित वर, पोटाच्या बाजूला द्यावा, आणि दाब न सोडता मदत मागवावी. पाय किंवा पंजा थंड व फिका पडला, किंवा घाम, चक्कर आणि पाठदुखी एकदम सुरू झाली, तर सोनोग्राफीची वेळ ठरवत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे. आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी कितीही काळेनिळे झाले तरी डॉक्टरांना विचारल्याखेरीज बंद करू नये. जांघ वाचवताना हृदयातील स्टेंट बंद पडल्याची उदाहरणे असतात.

शेवटची गोष्ट मंडळासाठी. परभाषेच्या रुग्णालयात पडलेल्या आपल्या माणसाला आपल्या भाषेत "दुखतंय का हो काका? जागा पाहिली का?" असे विचारणारे कोणी हवे असते. आपण रुग्णाला भेटायला जातो, फळे नेतो, गावाकडच्या गोष्टी काढतो. त्याबरोबर हा एक प्रश्नही विचारावा. बायकांनी बायकांना विचारावा, पुरुषांनी पुरुषांना. ज्यांना येथील भाषा येत नाही त्यांच्या उशाशी, कोणत्या तारखेला कोणत्या बाजूने सुई घातली, कोणती औषधे चालू आहेत आणि कोणती लक्षणे दिसली तर सांगावयाचे, एवढे मराठीत आणि स्थानिक भाषेत लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. मंडळात दोन्ही भाषा उत्तम जाणणारी माणसे पुष्कळ आहेत. पन्नास वर्षांपूर्वी याच मंडळाने नव्याने आलेल्यांना खोली शोधून दिली, रेशनकार्डाचे अर्ज भरून दिले. हे काम त्याहून अवघड नाही.